परदेशात जास्त दिवस राहून आलात? नव्या व्हिसासाठी नेमकं काय बघितलं जातं

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहरातल्या जुन्या शिक्षक कॉलनीत किंवा बँक कॉलनीत चौकशी करा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली चार-दोन घरं सहज सापडतात. यांतल्या बऱ्याच आईवडिलांनी दहाएक वर्षांपूर्वी पहिल्यांदा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा काढला. तो भारतीयांना सहसा दहा वर्षांसाठी मिळतो, म्हणून आता त्याची मुदत संपत आली आहे. आणि याच दहा वर्षांत कोविड येऊन गेला. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, मे महिन्यात वंदे भारतची खास विमानं सुरू झाली, पण नियमित सेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. सहा महिन्यांसाठी गेलेली कितीतरी ज्येष्ठ मंडळी आठ-दहा महिने, काही तर वर्षभर तिकडेच अडकली. कुणी बाळंतपण अवघड गेलं म्हणून राहिलं, कुणाचं तिथेच ऑपरेशन झालं.

आता नव्या अर्जाची वेळ आली की हीच मंडळी धास्तावतात. "मागच्या खेपेला जास्त राहिलो, आता देतील का हो?" कुणी म्हणतं, एकदा सहा महिन्यांच्या वर राहिलं की नाव काळ्या यादीत जातं. कुणी म्हणतं, त्याचा उल्लेखच करू नका. ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दुसरं तर घातक आहे. जास्त दिवस राहणं वेगळं आणि मुदत उलटून राहणं वेगळं. पहिल्यात गुन्हा काही नाही, फक्त खुलासा द्यावा लागतो. दुसऱ्याचे परिणाम कायद्यात लिहिलेले आहेत.

## व्हिसा वेगळा, मुक्कामाची मुदत वेगळी

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन "मला आत येऊ द्या" असं म्हणण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ नावाच्या दाखल्यात होते. पर्यटकाला साधारणपणे सहा महिने मिळतात.

जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी अर्ज मंजूर होतो तो पूर्ण हंगामासाठी, पण आपल्या शेताला पाणी कधी आणि किती तास, हे पाळीत ठरतं. मंजुरी हातात आहे म्हणून कुणाला आठवडाभर पाणी चालू ठेवता येत नाही. व्हिसा ही हंगामाची मंजुरी, आय-९४ ही पाळी.

त्यामुळे दोन उलटसुलट गोष्टी खऱ्या ठरतात. व्हिसा २०३० पर्यंत असला तरी आय-९४ वरची तारीख उलटली की तुमचा मुक्काम बेकायदा. आणि आय-९४ वर ऑक्टोबरची तारीख असेल तर मधेच मे महिन्यात व्हिसा संपला तरी ऑक्टोबरपर्यंत राहायला काही हरकत नाही.

आय-९४ आता कागदावर मिळत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून तो काढावा लागतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाला किंवा मुलीला सांगून त्याची प्रत काढून ठेवा आणि त्यावरची तारीख नीट वाचा. ती नेहमी सहा महिन्यांचीच असेल असं नाही. तुमचा पासपोर्टच चार महिन्यांत संपणार असेल तर अधिकारी अनेकदा मुक्कामाची मुदतही तिथेच तोडतो. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी यात हमखास अडकतात, कारण पासपोर्टही दहा वर्षांचा आणि व्हिसाही दहा वर्षांचा, दोन्ही जवळपास एकाच वेळी संपायला येतात. जाण्याआधी पासपोर्ट नवा करून घ्या. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा वाया जात नाही, दोन्ही पासपोर्ट सोबत नेले की चालतं.

## मुदतवाढ मागितली होती का?

सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे आय-५३९ हा अर्ज करावा लागतो. तो आय-९४ ची तारीख संपण्याच्या आत पोचला पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करा, असं खातंच सांगतं. आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत मागता येते. कारण लिहावं लागतं, खर्च कोण करणार ते दाखवावं लागतं आणि परत जाणार याचा काही पुरावा जोडावा लागतो.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. अर्जावर निर्णय यायला कित्येक महिने लागतात. मुदत वेळेत मागितलेली असली आणि निर्णय यायचा बाकी असला, तर त्या काळातला मुक्काम बेकायदा धरला जात नाही. पुष्कळदा असं होतं की काका-काकू गावी परत येतात, पंचमी-पोळा होऊन जातो आणि मग कधीतरी मुलाच्या पत्त्यावर मंजुरीचं पत्र येतं. मुलगा ते ड्रॉवरमध्ये टाकतो आणि विसरतो. ते पत्र सोन्यासारखं जपा. अर्ज मिळाल्याची पोच आणि मंजुरीचं पत्र, दोन्हीच्या प्रती इकडच्या फाइलमध्ये आल्याच पाहिजेत. पुढच्या मुलाखतीत "नऊ महिने कसे राहिलात?" या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर तेच आहे.

आणखी एक कागद आपण फेकून देतो, तो म्हणजे परतीचा बोर्डिंग पास. अमेरिकेतून निघताना आपल्यासारखं इमिग्रेशनचं काउंटर नसतं, पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसत नाही. तुम्ही गेलात ही नोंद विमान कंपनीच्या प्रवासी यादीवरून होते. ती नोंद क्वचित चुकते, आणि तेव्हा बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याचा शिक्का यांवरच सगळी भिस्त असते.

मुदतवाढ नाकारली गेली तर? तेव्हा तुम्ही तिथेच असाल आणि जुनी तारीख उलटून गेली असेल, तर नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला सुरुवात होते. "तिकीट स्वस्त होईपर्यंत थांबू" असा विचार करू नका. मिळेल त्या विमानानं निघा.

## मुदत उलटली असेल तर

इथे कायदा कडक आहे. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो व्हिसा रद्द ठरतो, मग त्यावर पुढची पाच वर्षं शिल्लक असोत. पुढच्या वेळी जायचं तर आपल्या देशातून नवाच व्हिसा काढावा लागतो. १८० दिवसांहून जास्त, पण वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून परत आलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्यानं हे आलं.

थोडेच दिवस उलटले असतील तर प्रवेशबंदी लागत नाही, पण नव्या अर्जात ते सांगावंच लागतं. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, विमान रद्द झालं असेल तर त्याचा ईमेल, जे असेल ते जोडीला ठेवा. बंदी लागू होईल इतका काळ गेला असेल, तर नव्या अर्जाचे पैसे भरण्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. ही गोष्ट कोपऱ्यावरच्या एजंटवर सोडायची नाही.

## अर्जात काय लिहायचं

नव्या व्हिसासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म भरतात. त्यात मागच्या पाच भेटींच्या तारखा आणि प्रत्येक वेळी किती दिवस राहिलात ते विचारतात. पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, तुमच्या नावानं कुणी ग्रीन कार्डसाठी अर्ज केला आहे का, हे प्रश्नही असतात.

आपल्याकडे हा फॉर्म बहुतेक वेळा नेट कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात भरला जातो. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा हे सगळं काम तिथेच होतं, तर हेही तिथेच. औसा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांचा भरलेला फॉर्म मला वाचायला दिला होता. मागचा मुक्काम खरा साडेआठ महिन्यांचा, मुदतवाढ रीतसर मंजूर झालेली. फॉर्मवर मात्र "१८० दिवस". केंद्रातल्या पोरानं सरळ सांगितलं, सगळ्यांचं असंच टाकतो, सेफ राहतं. गुरुजींचा त्यात काही दोष नव्हता, पण फॉर्मच्या शेवटी बरोबर असल्याची ग्वाही त्यांच्या नावानं जाणार होती. समोरच्या अधिकाऱ्याच्या संगणकावर येण्या-जाण्याच्या तारखा असतातच. ज्या मुक्कामाची मंजुरी हातात आहे तो लपवून माणूस खोटा ठरतो. आणि व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं तर अमेरिकेच्या कायद्यात त्याची शिक्षा मुदतीची नाही, कायमची अपात्रता आहे. गुरुजींचा फॉर्म पुन्हा भरला, खऱ्या तारखांनी.

म्हणून आधी जुना पासपोर्ट आणि तिकिटं घेऊन बसा, तारखा वहीवर लिहून काढा आणि मगच फॉर्म भरायला जा. भरून झाल्यावर प्रत्येक पान वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्या. त्या केंद्रावर कितीही गर्दी असली तरी.

## खिडकीपलीकडचा अधिकारी काय बघतो

अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन कायदा एक गोष्ट गृहीत धरून चालतो: पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे. तसं नाही, हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. नकारपत्रावर २१४(ब) हे कलम दिसतं ते हेच. त्यात कुणावर व्यक्तिगत संशय नसतो, सगळ्या जगाला तोच नियम आहे. मात्र मागचा मुक्काम लांबलेला असेल तर प्रश्न टोकदार होतो: हे भेटायला जातात की तिथे राहायलाच जातात?

मुलाखत काही मिनिटांची असते. उत्तर मोकळं आणि नेमकं हवं.

"मागच्या वेळी किती दिवस होता?"

"नऊ महिने. सुनेचं बाळंतपण अवघड गेलं, म्हणून मुदतवाढ मागितली. ती मिळाली. मुदतीच्या आत परत आलो. हे पत्र."

इतकं पुरे. विचारलं नाही ते सांगत बसायचं नाही, आणि विचारलेलं टाळायचं नाही.

एक वाक्य मात्र आपल्या तोंडी सहज येतं आणि गोत्यात आणतं: "नातवाला सांभाळायला गेलो होतो." आपल्याला त्यात माया दिसते. अधिकाऱ्याला त्यात काम दिसू शकतं, कारण पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि तिकडे मुलं सांभाळणं हा पगारी व्यवसाय आहे. नातवंडांबरोबर राहणं, त्यांना खेळवणं, बारशाला जाणं याला कुणाची हरकत नाही. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणात जवळ असणं हेही भेटीचं रास्त कारण आहे. पण दोघंही नोकरीला जातात, पाळणाघर महाग पडतं, म्हणून आजी-आजोबांना आळीपाळीनं बोलावून घेतात, असं खरंच चाललं असेल तर ते पर्यटन नाही. शब्द बदलून ते झाकू नये. घरात बसून मुलांशी बोलावं आणि मुक्काम आटोपशीर करावा.

तिथे दवाखान्यात राहावं लागलं असेल तर बिल कोणी भरलं हेही विचारू शकतात. विम्यानं किंवा मुलानं भरल्याच्या पावत्या फाइलमध्ये असू द्या.

## "पण सातबारा दाखवला की झालं ना?"

नाही. शेतीचा उतारा, घराचा मालमत्ता कर, पेन्शनचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या, सगळं न्यावं, पण अनेकदा अधिकारी फाइल उघडायलाही सांगत नाही. त्याला कागदापेक्षा तुमचं इकडचं आयुष्य कळायला हवं असतं. चाकूरजवळ आठ एकर जमीन आहे असं नुसतं सांगितलं तर ती जमीन ठोक्यानं किंवा बटईनं देऊन माणूस वर्षानुवर्षं बाहेर राहू शकतो, हे त्यालाही कळतं. "जूनमध्ये पेरणी असते, सोयाबीनची रास होईपर्यंत मला इथे असावं लागतं, म्हणून दिवाळीनंतर जाणार आणि मृगाच्या आत परत येणार," हे सांगितलं तर जमीन तुम्हाला परत आणते हे दिसतं. निवृत्त मंडळींना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. कुणाची म्हातारी आई घरी असते, कुणाच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं. जे खरं आहे तेच सांगा, पण ते तारखांशी जोडून सांगा.

आणि सगळ्यात मोठा पुरावा पासपोर्टमध्येच असतो: मागच्या प्रत्येक वेळी मुदतीच्या आत परत आलात. एकदा रीतसर लांबलेला मुक्काम त्याला बाधा आणत नाही. पाच वर्षांत दरवर्षी आठ-आठ महिने तिकडे, अशी नोंद असेल तर मात्र मुदतवाढीची पत्रं असूनही अवघड जातं.

## "वर्षातून सहाच महिने राहता येतं" हे खरं का?

अमेरिकेच्या कायद्यात असा वार्षिक हिशेब नाही. सहा महिने राहिलात तर सहा महिने बाहेर काढलेच पाहिजेत, असंही कुठे लिहिलेलं नाही. पण मार्चमध्ये परत येऊन मे महिन्यात पुन्हा तिथल्या विमानतळावर उभे राहिलात, तर अधिकारी "राहता कुठे?" असं विचारणारच, आणि या वेळी तीनच महिने देणं किंवा परत पाठवणं त्याच्या अधिकारात आहे. म्हणून तिकडे जितके महिने काढले, निदान तितके तरी इकडे काढावेत. नियम म्हणून नव्हे, पण पाळावं असं मला मनापासून वाटतं.

खरोखरच आईवडिलांनी कायम मुलांजवळ राहावं असं घरात ठरत असेल, तर पर्यटक व्हिसा त्यासाठी नाही. २१ वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल तर आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो, आणि आईवडिलांना त्यात कोट्याची रांग नसते. कॅनडात मुलं असतील तर तिथला सुपर व्हिसा आहे, त्यावर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

## मुलाखत लागेल का? आणि मुंबई की हैदराबाद?

२ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेनं मुलाखतीची सूट बरीच कमी केली. ७९ वर्षांवरच्या ज्येष्ठांना वयामुळे मिळणारी सूटही गेली. जुना बी-१/बी-२ (म्हणजे हाच पर्यटक) व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील, तर नूतनीकरणाला मुलाखतीविना अर्ज करता येतो, तरी अधिकारी बोलावू शकतो. याचा सरळ अर्थ, व्हिसा संपायची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. "पुढच्या वर्षी बघू" म्हणत दीड वर्ष गेलं की गुडघे धरून मुंबई गाठावी लागते. फी १८५ डॉलर आहे, ती परत मिळत नाही. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी दूतावासाचं संकेतस्थळ पुन्हा बघा.

मुलाखतीसाठी मराठवाड्यातले लोक डोळे झाकून मुंबई निवडतात. लातूर-मुंबई एक्सप्रेस किंवा देवगिरी पकडायची, एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत, असा दोन दिवसांचा मुक्काम पडतो. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, हा मोठा फायदा. पण भारतातल्या कुठल्याही केंद्राची वेळ घेता येते, आणि नांदेड, देगलूर, उदगीरकरांना हैदराबाद कितीतरी जवळ. हिंदीत बोलायची अडचण नसेल, आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीला ती सहसा नसतेच, तर तिथल्या तारखा आधी बघा.

## युरोपचं गणित निराळं

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) मुदतवाढीवर भिस्त ठेवता येत नाही, ती फार अपवादानं मिळते. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून. हे १८० दिवस रोज पुढे सरकतात. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२६ असे पूर्ण ९० दिवस म्युनिकला काढले, तर पुन्हा पाऊल ठेवता येईल ते ३० जूनला. एकाच देशाचे दिवस मोजायचे नसतात, सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजायचे असतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही आपोआप दिसतो. ब्रिटनमध्ये एका भेटीला सहा महिने मिळतात, पण लागोपाठच्या भेटींनी तेच घर झालं आहे असं वाटलं तर नाकारतात.

## नकार आला तर

२१४(ब) खाली आलेला नकार कायमचा नसतो. त्यावर अपील नाही, मात्र पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरून. लगेच पुढच्या महिन्यात तेच कागद, तीच उत्तरं घेऊन जाण्यात अर्थ नाही. मागच्या मुक्कामाचा खुलासा अपुरा राहिला होता का, मंजुरीचं पत्र सोबत नव्हतं का, या वेळचा बेत "जाऊ, राहू, बघू" असा ढोबळ सांगितला का, हे आधी तपासा. सहा आठवड्यांची भेट, जाण्या-येण्याच्या ठरलेल्या तारखा आणि त्यामागचं एक स्पष्ट कारण, एवढं घेऊन दुसऱ्या वेळी गेलात तर बोलण्यासारखं काही नवं असतं. आणि पुढच्या फॉर्मवर "पूर्वी नकार मिळाला आहे का?" याला "हो" लिहायचं, दिनांकासह.